तिवऱ्याचा वारसा

रायपूरच्या भोवतालच्या धानशेतांत आश्विन सरत आला, की एक काम कसलाही गाजावाजा न होता उरकले जाते. धानाच्या लोंब्या भरत आलेल्या असतात, पावसाने निरोप घेतलेला असतो. परंतु बांधीतील चिकण माती अजून ओलसर असते. त्या उभ्या पिकातच शेतकरी मुठीने बी फेकीत जातो. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धान कापून नेल्यावर खुंटांमधून निळसर फुलांचे बारीक वेल वर येतात आणि नुसत्या मुरलेल्या ओलीवर फाल्गुनापर्यंत शेंगांनी भरतात. या पद्धतीला छत्तीसगढात ‘उतेरा’ म्हणतात आणि या पिकाला ‘तिवरा’. हिंदी मुलुखात त्याचे नाव खेसारी. वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा-चंद्रपूरकडे, तीच लाख किंवा लाखोळी. वनस्पतिशास्त्र त्याला लॅथिरस सटायव्हस म्हणते.

हे गरिबाचे पीक आहे. ज्या वर्षी गहू-हरभरा करपतो त्या वर्षीही ते तगते. पाणी साचले तरी मरत नाही आणि पाणी आटले तरी मरत नाही. त्याच्या मुळांवरील गाठी जमिनीत नत्र साठवितात, त्यामुळे पुढच्या हंगामातील धानालाही त्याचा लाभ होतो. कोवळ्या पाल्याची भाजी होते, भुसा गुरांना जातो आणि दाण्यात पाव हिश्श्याहून अधिक प्रथिन असते. आणि हाच दाणा, तोच एक आधार उरला असता, धडधाकट माणसाचे पाय काढून घेतो. मध्य भारताच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात या दाण्याची जी कहाणी आहे, ती वरवर पाहता एका रोगाची आहे. परंतु तिच्या मुळाशी एक जुना आणि अवघड प्रश्न आहे : माणसाच्या मज्जासंस्थेवर जे दुःख उमटते, त्यातले किती त्याच्या रक्तातून आलेले असते, किती ताटातून, आणि किती त्या ताटात काय पडावे हे ठरविणाऱ्या व्यवस्थेतून?

या रोगाची ओळख भारतीय वैद्यकाला नवी नव्हती. सुश्रुतसंहितेत वातव्याधींच्या गणनेत ‘कलायखंज’ नावाचा विकार येतो. चालू लागताच कापणारा, लंगडत जाणारा रोगी तिथे वर्णिला आहे, आणि त्या नावातच कलाय हे कडधान्य आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात ‘त्रिपुट’ या धान्याचे गुणदोष सांगताना ते माणसाला लंगडे-पांगळे करते, अशी स्पष्ट नोंद आहे. युरोपातही ही जाणीव होती. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने 1671 मध्ये या दाण्याचे पीठ भाकरीत वापरण्यास मनाई केली होती. स्पॅनिश चित्रकार गोया याने 1811-12 च्या माद्रिदमधील दुष्काळावर जी मुद्राचित्रे कोरली, त्यांपैकी एकात याच पिठाच्या लापशीभोवती जमलेली भुकेली माणसे दिसतात.

मध्य भारतातील पहिला सविस्तर वृत्तान्त मात्र वैद्याचा नाही. तो एका प्रशासकाचा आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम हेन्री स्लीमनने 1844 मध्ये आपल्या प्रवासाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत सागर प्रदेशातील एका गावाची हकिगत येते. 1829 साली गारपिटीने रब्बी बुडाली, 1830 मध्ये वेळेवर पाऊस झाला नाही, 1831 मध्ये गव्हावर तांबेरा पडला. तिन्ही वर्षे फक्त तिवरा तेवढा जोमाने आला. एरवी तो गुरांना घातला जाई. आता माणसांनी दाणा स्वतःकडे ठेवला आणि पाला-काड्या गुरांना दिल्या. 1833 मध्ये त्याचे फळ दिसू लागले. तिशीच्या आतील तरुण मुले-मुली अकस्मात कमरेखाली लुळी पडू लागली. दोन वर्षांत त्या गावातील जवळजवळ निम्मी तरुण पिढी या विकाराने ग्रासली. रोगाचे कारण गावकऱ्यांना ठाऊक होते. परंतु दुसरे खायला नाही, तेव्हा ठाऊक असून उपयोग काय? स्लीमनच्या त्या पानांतून हीच गोष्ट पुन्हा पुन्हा डोकावते. अज्ञान हे या रोगाचे पहिले कारण कधीच नव्हते.

1873 मध्ये नेपल्सच्या कांतानी नावाच्या वैद्याने या विकाराला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले. तोपर्यंत छत्तीसगढ इंग्रजी अंमलाखाली येऊन दोन दशके होत आली होती. नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशावर अठराव्या शतकाच्या मध्यापासून होती. आधी रतनपूर हे तिचे ठाणे. 1818 नंतर इंग्रज देखरेखीच्या काळात रायपूरला महत्त्व आले. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. तेव्हापासून 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि रायपूर यांचा कारभार एकाच दप्तरातून चाले. वैनगंगेच्या काठची लाखोळी आणि महानदीच्या काठचा तिवरा यांची नोंदही त्यामुळे एकाच अहवालांत सापडते.

एकोणिसावे शतक संपता संपता या प्रांतावर दोन दुष्काळ कोसळले : 1896-97 चा आणि 1899-1900 चा. 1901 च्या जनगणनेत मध्य प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली आढळली. छत्तीसगढातील माणसे आसामच्या चहामळ्यांकडे वळली. याच वर्षांच्या उदरात साहित्याच्या इतिहासातील एक घटना आहे. मराठी घरात जन्मलेले आणि हिंदीचे संपादक ठरलेले माधवराव सप्रे यांनी जानेवारी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक पेंड्र्याहून सुरू केले. 1901 मध्ये त्यातच त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. जमीनदाराने बळकावलेली झोपडी आणि त्या झोपडीतील टोपलीभर माती मागणारी अनाथ विधवा, एवढेच तिचे कथानक. त्या कथेत तिवऱ्याचा उल्लेख नाही. परंतु कोणाची माती, कोणाचे धान्य आणि ओझे कोणाच्या डोक्यावर, हा जो प्रश्न त्या टोपलीत आहे, तोच दुष्काळातील तिवऱ्यातही होता.

या दुष्काळांच्या काळातील लॅथिरिझमचा शोध अँड्र्यू ब्यूकॅनन या डॉक्टरने घेतला. 1896 ते 1902 या वर्षांतील मध्य प्रांताच्या परिस्थितीवरील त्याचा अहवाल 1904 मध्ये नागपुरात छापला गेला. यापुढे या व्याधीला ‘दैवी कोप’ म्हणून बाजूला सारणे शक्य उरले नाही. तरीही विज्ञानाची वाट सरळ नव्हती. 1925 मध्ये अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन या संशोधकांनी दोष तिवऱ्याचा नसून त्यात मिसळून येणाऱ्या ‘अकता’ नावाच्या रानटी दाण्याचा आहे, असे मत मांडले. ते बरीच वर्षे चर्चेत राहिले. खेड्यातील माणूस शंभर वर्षे ज्याच्याकडे बोट दाखवीत होता, त्या दाण्यावरचा आरोप प्रयोगशाळेत सिद्ध व्हायला 1964 उजाडले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी तिवऱ्याच्या बीतून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याच वर्षी शेषाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे तेच द्रव्य शोधून काढले. त्याचे संक्षिप्त नाव ओडॅप.

ओडॅपचे कार्य समजून घेतले, म्हणजे या रोगाची क्रूरता अधिक नेमकी कळते. मेंदूत एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे उत्तेजनाचा निरोप नेणारे ग्लुटामेट नावाचे द्रव्य असते. ओडॅपची घडण त्याच्यासारखी आहे, म्हणून ते ग्लुटामेटच्याच दारातून आत शिरते आणि पेशीला इतके उत्तेजित करीत राहते, की ती अखेर दमून मरते. मेंदूच्या ज्या भागातून पायांना हालचालीचे आदेश जातात तेथील पेशी आणि त्यांचे मज्जारज्जूतून उतरणारे लांब तंतू याला सर्वाधिक बळी पडतात. पायांचे स्नायू ताठरतात, पिंढऱ्या आखडतात, माणूस चवड्यांवर आणि कात्रीसारखे पाय टाकीत चालू लागतो. पुढे एक काठी, मग दोन काठ्या, आणि अखेर हातांवर सरपटणे. बुद्धी शाबूत, संवेदना बहुधा शाबूत, आयुष्यही पुरते. फक्त पाय जातात आणि ते परत येत नाहीत. बळी जातो तो प्रामुख्याने कष्टकरी वयातील तरुण पुरुषांचा. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग दोन-चार महिने सलग तिवऱ्याचाच राहिला, की हा धोका उभा राहतो.

हे आकस्मिक घडत नाही, ते घडविलेही जाऊ शकते, याचा दाखला दुसऱ्या महायुद्धाने दिला. रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का येथील छावणीत 1942 च्या अखेरीस ज्यू कैद्यांना शिजवलेला तिवरा हेच मुख्य अन्न म्हणून देण्यात आले. काही आठवड्यांत शेकडो कैद्यांचे पाय निकामी झाले. त्यांच्यातच असलेल्या आर्थर केसलर या डॉक्टरने रोगाचे कारण ओळखले आणि कैद्यांनी ते अन्न नाकारले. म्हणजे एकाच दाण्याने सागरच्या खेड्यात आणि काळ्या समुद्राच्या पलीकडील छावणीत सारखेच काम केले. दोन्ही ठिकाणी माणसापुढे दुसरे ताट नव्हते, हे या दोन प्रसंगांतील साम्य होय.

येथे रायपूरची एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. छत्तीसगढ हा तिवऱ्याच्या लागवडीचा देशातील सर्वांत मोठा प्रदेश. तरीही स्वातंत्र्योत्तर काळात लॅथिरिझमचे सर्वांत भीषण चित्र दिसले ते छत्तीसगढात नव्हे, तर उत्तरेकडील रीवा आणि सतना या जिल्ह्यांत. तेथे 1964 मध्ये द्विवेदी आणि प्रसाद यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीने हजारो पांगळ्यांचे अस्तित्व समोर आणले. या फरकाचे स्पष्टीकरण दाण्यात नाही, चालीरीतींत आहे. छत्तीसगढात मुख्य अन्न भात. तिवरा त्याच्या जोडीला वरणापुरता, भाजीपुरता. रीव्याकडे मात्र वेठबिगार शेतमजुराची मजुरीच धान्यात दिली जाई, आणि त्या धान्यात खेसारीचा भरणा असे. मालक गहू खाई, गडी खेसारी खाई. एकाच शेतात राबणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाच कुटुंबातील मुले काठी घेऊन चालत, यावरून गावाला जो निष्कर्ष काढता आला असता तो काढला गेला नाही. ‘त्यांच्या घराण्यातच ते आहे’ असे म्हणणे सोपे होते.

वस्तुतः लॅथिरिझम आनुवंशिक नाही. पांगळ्या बापाचे मूल धड पायांनी जन्माला येते. परंतु त्या मुलाच्या वाट्याला बापाचे कर्ज येते, बापाचा मालक येतो आणि बापाचेच ताट येते. मग विशीत ते मूलही काठी धरते. बाहेरून पाहणाऱ्याला ती रक्ताची परंपरा वाटते. 1976 मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. त्याचा समावेश रोगनिवारणाच्या इतिहासात सहसा होत नाही. तो व्हावयास हवा.

आनुवंशिकता आणि परिस्थिती यांतील ही रेघ विसाव्या शतकाच्या अखेरीस विज्ञानानेच पुसट केली. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नेदरलँडच्या पश्चिम भागाची रसद तोडली आणि काही महिने तेथील माणसे उपासमारीत राहिली. त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला, त्या मुलांची नोंद देशाच्या दप्तरात व्यवस्थित होती. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की दुष्काळाच्या ऐन भरात गर्भात आलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आहे. चीनमधील 1959-61 च्या महादुष्काळावरील 2005 च्या अभ्यासाचा निष्कर्षही तसाच होता. पुढे 2008 मध्ये लायडनच्या संशोधकांनी त्याच डच माणसांच्या रक्तात, जन्मानंतर साठ वर्षांनी, एका जनुकावरील रासायनिक खुणा त्यांच्या भावंडांहून कमी असल्याचे दाखविले. जनुकाची अक्षरे तीच होती. पोथी तीच राहावी, परंतु कोणती ओवी वाचायची आणि कोणती गाळायची याच्या खुणा समासात कोणी वेगळ्या कराव्यात, तसा हा प्रकार. या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. समासातील या खुणांमध्ये मिथाइल नावाच्या अणुगटाचा वाटा मोठा असतो, आणि शरीराला तो गट पुरविण्याचे काम आहारातील मेथिओनीन हे अमिनो आम्ल, फोलेट आणि ब-12 जीवनसत्त्व यांच्याकडून होते.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे पुण्याच्या परिसरातच रुजली आहेत. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा, गर्भधारणेच्याही आधीपासून, अभ्यास सुरू केला आणि जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी ब-12 कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी अवधान आणि अल्पकालीन स्मृती यांच्या चाचण्यांत मागे पडलेली आढळली. शेतावर राबणाऱ्या आईच्या ताटातील उणीव मुलाच्या मेंदूपर्यंत पोहोचते, हे येथे मराठी मुलुखातल्या खेड्यांनीच दाखवून दिले. अशा खुणा माणसात तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत उतरतात काय, याविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. परंतु आई आणि मूल या दोन पिढ्यांपुरता तरी दुष्काळ हा भूतकाळ होत नाही, एवढे निश्चित.

या प्रकाशात तिवऱ्याकडे पुन्हा पाहिले, तर एक गोष्ट अर्थपूर्ण दिसते. तिवऱ्याच्या प्रथिनात लायसीन भरपूर असले तरी गंधकयुक्त अमिनो आम्ले, विशेषतः मेथिओनीन, फार तोकडी असतात. ही उणीव ओडॅपचा घातकपणा वाढविते असे संशोधनातून दिसते. तिवऱ्यासोबत तांदूळ किंवा गहू पुरेसा असेल तर ती भरून निघते. म्हणजे भातासोबत वरण म्हणून खाल्लेला तिवरा आणि भात नसताना भाताऐवजी खाल्लेला तिवरा, हे रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही दोन वेगळे पदार्थ आहेत. रायपूरची गृहिणी हे शास्त्राच्या भाषेत सांगणार नाही. पण डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्यास बरेचसे विष निघून जाते, ही जी पद्धत पुढे पोषणशास्त्रज्ञांनी सुचविली, ती अमलात आणायला घरात पुरेसे सरपण आणि पुरेसे पाणी लागते. ज्या वर्षी डाळ धुऊन घेण्याची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच वर्षी या दोन्हींचा तुटवडा.

शासनाने या प्रश्नाचे उत्तर मनाईत शोधले. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत 1961 मध्ये खेसारीच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली. ती लागू करणे मात्र राज्यांवर सोपविले गेले. अनेक राज्यांनी बंदी घातली; ज्या मध्य प्रदेशात पीक सर्वाधिक, तेथे लागवड चालूच राहिली. विक्रीला मनाई असलेली डाळ तुरीच्या डाळीत आणि बेसनात भेसळ होऊन शहरात पोहोचू लागली. विदर्भात या बंदीविरुद्ध नागपूरच्या शांतिलाल कोठारी यांनी उपोषणांसह दीर्घ आंदोलन केले. प्रमाणात खाल्लेली लाखोळी निरुपद्रवी आहे आणि बंदीने कोरडवाहू शेतकऱ्याचे बिनखर्ची पीक मात्र हिरावले जाते, असा त्यांचा युक्तिवाद होता. 2008 मध्ये महाराष्ट्राने बंदी उठविली. देशपातळीवरील 2011 च्या नियमांत मात्र मनाई राहिली.

रायपूरने दुसरा मार्ग धरला. 1987 मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात ओडॅपचे प्रमाण अत्यल्प असलेली वाणे निवडण्याचे काम झाले. ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ ही त्याची फळे. 2016 मध्ये या वाणांसह दिल्लीच्या ‘रतन’ या वाणाला वैज्ञानिक संस्थांकडून अनुकूलता मिळाल्याच्या वार्तेने जुना वाद पुन्हा पेटला. या वादात दोन्ही पक्षांकडे सत्याचा अंश आहे. कमी विषाचे बी ही मोठी प्राप्ती आहे. परंतु दाण्यातील ओडॅप केवळ वाणावर ठरत नाही. पाण्याचा ताण पडला, जमिनीत जस्त कमी झाले, की तेच रोप अधिक ओडॅप साठविते. आणि मधमाश्या शेजारच्या शेतातील जुन्या वाणाचे पराग घेऊन येतात ते निराळेच. बीजसुद्धा आपल्या परिस्थितीतून सुटत नाही. माणसाच्या जनुकांविषयी विज्ञानाला जे उशिरा उमगले, ते तिवऱ्याचे रोप दर कोरड्या वर्षी बांधीत दाखवीत आले आहे.

म्हणून दोष पिकाचा की माणसाचा, रक्ताचा की परिस्थितीचा, असा निवाडा एका वाक्यात करता येत नाही. 1833 च्या सागरमध्ये आणि 1960 च्या आसपासच्या रीव्यात जे घडले त्याचे कारण दाण्यात होते, हे खरे. पण ज्या घरात त्या दाण्यासोबत भात होता, त्या घरातील मुले चालत राहिली, हेही तितकेच खरे. बी बदलणे विद्यापीठाच्या हाती आहे, नियम बदलणे शासनाच्या हाती. मजुरी धान्यात द्यायची की रोकड्यात, दुष्काळात गोदाम कोणासाठी उघडायचे, गरोदर स्त्रीच्या ताटात काय असावे, हे समाजाच्या हाती आहे. आणि पुढच्या पिढीच्या मेंदूत व पायांत काय उतरणार, हे या तिन्हींवर अवलंबून राहते.

आश्विनाच्या अखेरीस रायपूरकडील बांधीत तिवऱ्याची मूठ आजही पडते. धान चांगले आले, तर त्या मुठीतून वरण होते. धान बुडाले, तर त्याच मुठीत काय असते, हे त्या मातीला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.